कृत्रिम फर आणि याकचे केस नमुन्याप्रमाणे न मिळाल्याबाबत तक्रार

डिचोली, गोवा
दि. १९ जून २०२५

प्रति,
माननीय व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग

विषय: दि. २४ मार्च रोजी मागवलेली १२ मीटर कृत्रिम फर व ८०० ग्रॅम याकचे केस मान्य नमुन्याशी न जुळल्याने माल बदलून अथवा पूर्ण रक्कम परत मिळण्याबाबत

महोदय,

मी डिचोली येथे वेशभूषेचे काम करते. जत्रेतील उत्सवी नाटके, बालनाट्ये आणि अधूनमधून एखादा लघुपट यांचे पोशाख मी घराला लागून असलेल्या खोलीत दोन मदतनिसांच्या साहाय्याने शिवते आणि याच कामावर माझे घर चालते. यंदा एका लघुपटासाठी सत्तरीच्या जंगलात राहणारा, अस्वलासारखा पण दोन पायांवर चालणारा केसाळ प्राणी उभा करण्याचे काम माझ्याकडे आले. म्हादईच्या रानात अस्वले आहेत आणि आमच्याकडच्या प्रेक्षकाला खरे अस्वल ठाऊक आहे, त्यामुळे खांद्यावर आणि मानेवर लांब, विस्कटलेले, छातीवर आखूड आणि चालताना अंगाबरोबर हलणारे असे केस दिसले नाहीत, तर पडद्यावर प्राणी दिसणार नाही, फर पांघरलेला माणूस दिसेल. म्हणूनच मी घाईने खरेदी न करता फेब्रुवारीत आपल्याकडून आधी नमुने मागवले.

आपण पाठवलेला फरचा नमुना उत्तम होता. त्यातील केस पाठीच्या विणीपासून मोजले असता ७० ते ७५ मिलिमीटर भरत होते, मुळाशी काळपट आणि टोकाला तपकिरी अशी दोन रंगांची छटा होती, आणि सोबतच्या चिठ्ठीवर धागा मोडॅक्रिलिक, म्हणजे सहज पेटत न राहणारा कृत्रिम धागा, असल्याचे लिहिले होते. त्या नमुन्यावरच मी होकार कळवला, सर्व १२ मीटर कापड रंगाच्या एकाच लॉटमधील, म्हणजे एकाच वेळी रंगवलेल्या खेपेतील, असावे अशी अट लेखी घातली आणि आपण ती ई-मेलने मान्य केली. माल २९ एप्रिलला पोहोचला. फरचे २२,२००, केसांचे ११,२०० आणि वाहतुकीचे १,१५० असे एकूण ३४,५५० रुपये मी आगाऊ भरले होते.

एकाच लॉटचा आग्रह मी का धरला, हे सांगणे आवश्यक आहे. एका प्राण्यासाठी दोन पोशाख करावे लागतात, कारण आतल्या नटाच्या घामाने पोशाख भिजतो आणि आमच्या दमट हवेत तो एका रात्रीत वाळत नाही. सकाळी एक व दुपारी दुसरा वापरून घेतलेली दृश्ये संकलनात एकमेकांना लागून येतात, तेव्हा दोन्ही पोशाख एकच अंग वाटले पाहिजेत. आपण पाठवलेल्या दोन गुंडाळ्यांपैकी आठ मीटरची एक आणि चार मीटरची दुसरी आहे. ट्यूबलाइटखाली त्या सारख्या दिसल्या, परंतु अंगणात उन्हात शेजारी ठेवल्यावर एकीची टोके तांबूस आणि दुसरीची राखाडी असल्याचे लांबूनही कळत होते. दोन्ही गुंडाळ्या पहिल्याच दिवशी एकत्र उघडून पाहिल्या नाहीत, ही माझी चूक मी मान्य करते. पहिल्या गुंडाळीतून पाठीचा आणि दोन बाह्यांचा भाग, म्हणजे सुमारे अडीच मीटर कापड, मी आधीच कापले होते. मात्र केसांची लांबी दोन्ही गुंडाळ्यांत कोठेही ५५ मिलिमीटरच्या वर जात नाही, आणि तिचा माझ्या कापण्याशी काही संबंध नाही. लांब केस कातरून छातीवर आखूड करता येतात, आखूड केस खांद्यावर लांब करता येत नाहीत.

याकच्या केसांची बाब याहून गंभीर आहे. चेहरा, मान आणि हाताची पाठ या भागांवर शिवलेली फर कॅमेऱ्याला जवळून फसवू शकत नाही, तेथे ताणल्या जाणाऱ्या जाळीत आकडा असलेल्या बारीक सुईने दोन-दोन, तीन-तीन केस गाठ मारून गुंफावे लागतात. माझे वडील नाटकातील ऋषींच्या दाढ्या याच पद्धतीने गुंफत असत. याकचा केस जाड, राठ आणि चकाकी नसलेला असतो, देवळात ढाळायच्या चवरीत तो आपण सर्वांनी पाहिलेला आहे. परदेशातही याच गुणांमुळे तो वापरला गेला. १९७७ च्या ‘स्टार वॉर्स’मधील चुबाका या केसाळ पात्राच्या पोशाखात मोहेर (अंगोरा शेळीची लोकर) आणि याकचे केस होते. शिवाय तो प्राण्याचा केस असल्यामुळे लोकरीच्या रंगात रंगतो, आणि मला फरच्या दोन्ही छटांना जोडणारा रंग त्यावर चढवायचा होता.

आपल्या आठ जुड्यांपैकी पहिली जुडी मी ५ मे रोजी रंगवायला घेतली. पातेल्यात पाणी तापवून त्यात लोकरीचा गडद तपकिरी रंग आणि व्हिनेगर घातले, जुडी सैल बांधून सोडली आणि मंद आचेवर पाऊण तास ठेवली. बाहेर काढून धुतल्यावर जुडीत दोन प्रकारचे केस दिसले. काहींनी रंग पूर्ण घेतला होता, तर काही केस आधी होते तसेच फिकट राहून ओल्या नायलॉनच्या दोरीसारखे चमकत होते. मी ते एकेक करून वेगळे केले, एका जुडीला दीड तास लागला, आणि न रंगलेला ढीग निम्म्याहून किंचितच कमी भरला. त्यातील चार केस चिमट्यात धरून ज्योतीवर नेले असता ते आक्रसले, वितळले आणि टोकाला कठीण काळा मणी झाला. रंगलेला केस मात्र चुरचुरत जळला, केस जळाल्याचा ओळखीचा वास आला आणि राख बोटाने चिमटताच तिची भुकटी झाली. उरलेल्या सात जुड्यांमधूनही थोडे थोडे केस काढून हीच चाचणी घेतली, प्रत्येक जुडीत भेसळ निघाली.

यानंतर फरवरही विश्वास ठेवणे मला शक्य झाले नाही. मोडॅक्रिलिकचा आग्रह मी दिसण्यासाठी धरला नव्हता. हा धागा ज्योतीत धरला तर जळतो, पण ज्योत दूर करताच स्वतःहून विझतो. साध्या अॅक्रिलिकचे तसे नाही, ते पेट घेतल्यावर भराभर जळत जाते आणि वितळलेला भाग कातडीला चिकटतो. लघुपटात हा प्राणी रात्री शेकोटीजवळ येतो असे एक दृश्य आहे. आतल्या नटाला डोक्यावरील मुखवट्यामुळे बाजूचे दिसत नाही, हातमोज्यांमुळे स्वतःची चेन उघडता येत नाही, आणि पोशाख उतरवायला दोन माणसे लागतात. मी अंगणात वाळूने भरलेल्या ताटावर आपल्या नमुन्याची एक पट्टी आणि आलेल्या मालाची एक पट्टी अशी चाचणी घेतली. मेणबत्ती दूर नेताच नमुना विझला. आलेल्या मालाची पट्टी पेटतच राहिली आणि तिच्यातून जळते थेंब वाळूत पडले. तीन वेळा करून पाहिले, तिन्ही वेळा तेच झाले. त्याचे चित्रीकरण सोबत जोडले आहे.

माझ्या ३ मेच्या फरबाबतच्या आणि ७ मेच्या केसांबाबतच्या ई-मेलला आपल्याकडून १४ मे रोजी उत्तर आले की, रंगात थोडा फरक पडणे स्वाभाविक असून कापलेला माल परत घेतला जात नाही. केसांमधील भेसळीविषयी आणि धाग्याविषयी त्यात एक अक्षरही नाही. माझा आक्षेप आवडीनिवडीचा नसून वस्तूच वेगळी पाठवल्याचा आहे. माल विक्री अधिनियम, १९३० च्या कलम १७ प्रमाणे नमुना दाखवून केलेल्या विक्रीत सर्व माल नमुन्याच्या गुणवत्तेचा असावा ही अट गृहीतच असते. कलम १५ नुसार तो नमुन्याबरोबरच वर्णनाशीही जुळावा लागतो. आलेला माल लांबी आणि धागा या दोन्ही बाबतींत आपल्याच नमुन्याशी आणि आपल्याच चिठ्ठीशी जुळत नाही, आणि ज्या केसांना आपण बीजकात ‘शुद्ध याक’ म्हटले आहे त्यात प्लॅस्टिकचा धागा आहे.

म्हणून माझी मागणी अशी की, हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत आपण नमुन्याबरहुकूम, एकाच लॉटची, मोडॅक्रिलिक धाग्याची १२ मीटर फर स्वखर्चाने पाठवावी व धाग्याच्या घटकांबाबत लेखी खात्री द्यावी, ते शक्य नसल्यास कापलेल्या भागासह फरची पूर्ण किंमत परत करावी. याकच्या केसांचे ११,२०० रुपये आणि वाहतूक खर्च मात्र दोन्ही परिस्थितींत परत मिळावा, कारण ते केस पुन्हा आपल्याकडून घेण्याची माझी तयारी नाही. पोशाख सप्टेंबरअखेर द्यायचे आहेत. जाळीत केस गुंफण्याच्या कामाला एका चेहऱ्यामागे तीन आठवडे जातात, त्यामुळे या मुदतीत वाढ करणे मला परवडणारे नाही.

आणखी एक विनंती आहे, आणि ती माझ्या पैशांपुरती नाही. हीच फर आपल्या सूचीत ‘बालनाट्य व शाळांच्या संमेलनासाठी उपयुक्त’ अशा शब्दांत आजही दिसते आहे. आमच्याकडे रंगमंचावर पडदा उघडण्याआधी समई लागते, मुले माकडा-अस्वलांची सोंगे घेऊन तिच्या आसपास वावरतात. या लॉटमधील कापड ज्यांना ज्यांना विकले गेले असेल त्यांना आपण ताबडतोब कळवावे आणि सूचीतील धाग्याचे वर्णन दुरुस्त करावे.

मुदतीत उत्तर न आल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवून उत्तर गोवा जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. स्वयंरोजगारातून उपजीविका करणाऱ्याने केवळ त्यासाठी घेतलेला माल ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार व्यापारी हेतूचा ठरत नाही आणि तक्रारदार जेथे राहतो तेथेच त्याला दाद मागता येते, याची आपण नोंद घ्यावी.

बीजक, ई-मेलच्या प्रती, उन्हात शेजारी ठेवलेल्या दोन्ही गुंडाळ्यांची छायाचित्रे, मूळ नमुन्याचा अर्धा तुकडा, आलेल्या दोन्ही गुंडाळ्यांचे तुकडे आणि वेगळे केलेल्या केसांच्या दोन पुड्या या पत्रासोबत नोंदणीकृत डाकेने पाठवत आहे. नमुन्याचा दुसरा अर्धा भाग आणि उरलेले सर्व कापड मी तारीख घालून, बांधून, कोरड्या जागी ठेवले आहे. आपला प्रतिनिधी डिचोलीला येऊन ते पाहू शकतो, आणि पेटवण्याची चाचणी त्याच्यासमोर पुन्हा करून दाखवण्यास मी तयार आहे.

आपली विश्वासू,
वेशभूषाकार, डिचोली
(नाव, पत्ता व सही मूळ प्रतीवर)