दत्तास, रेणूच्या गाठीविषयी

सातारा
रविवार, रात्री

प्रिय दत्ता,

सकाळी तुझा फोन ठेवला आणि दिवसभर दुसरं काही सुचलं नाही. मागे वहिनींचं रडणं ऐकू येत होतं, त्यामुळे मला धड बोलता आलं नाही. म्हणून लिहायला बसलोय. हे पत्र वहिनींना वाचायला दे आणि रेणूलाही दे. ती एकोणीस वर्षांची आहे, गाठ तिच्या मानेवर आहे. तिच्यापासून काय लपवायचं?

तू सांगितलंस ते मी कागदावर उतरवून ठेवलंय. उजव्या कानाखाली, सुपारीएवढी, दुखत नाही, दीड महिना झाला. अँटिबायोटिकचे दोन कोर्स झाले तरी उतरली नाही. संध्याकाळी अंगात कणकण असते. डॉक्टर म्हणाले सुई घालून तपासू, आणि काका म्हणाले गाठीला सुई लावली की पसरते. तेव्हापासून घरात जेवण नाही.

आपल्या लहानपणी गाठीला किती नावं होती, आठव. पायात काटा मोडला की जांघेत अवधाण यायचं. आई म्हणायची, पायाची जखम भरली की जाईल, आणि जायचंच. काखेत काखमांजरी व्हायची, पाठीवर करट यायचं, डोळ्याला रांजणवाडी. तुझ्या आजोबांच्या डोक्यावर लिंबाएवढं आवाळू होतं, ते शेवटपर्यंत तसंच राहिलं, त्याचा त्यांना काडीचा त्रास झाला नाही. म्हणजे गाठीगाठीत फरक असतो हे आपल्या आयांना ठाऊक होतं. आता गाठ म्हटलं की घरात सगळ्यांच्या मनात एकच शब्द येतो, आणि तो कुणी तोंडाने उच्चारतही नाही.

मानेत लसिका ग्रंथींच्या, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या बारीक गाठींच्या, माळाच असतात. दात किडला, टॉन्सिल सुजले, अगदी डोक्यात उवा होऊन खाजवून जखमा झाल्या, तरी त्या ग्रंथी सुजतात. अशी गाठ बहुधा पटकन येते, दुखते, दोन-तीन आठवड्यांत बसते. काही गाठी म्हणजे पाण्याच्या किंवा द्रवाच्या पिशव्या, जन्मापासून आत राहिलेल्या. मानेच्या मधोमध असलेली अशी एक पिशवी जीभ बाहेर काढली की वर सरकते. तरुण पोरांना जबड्याच्या कोनाखाली, मानेच्या बाजूला होते ती वेगळी. ती सर्दी-पडशाबरोबर एकदम फुगते आणि मग लक्षात येते. या पिशव्या ऑपरेशन करून काढतात. काही गाठी क्षयाच्या. आणि काही खरोखरच कर्करोगाच्या, हेही मी तुझ्यापासून लपवणार नाही.

बाहेरून बोट लावून यातली कुठली हे नक्की सांगता येत नाही, दत्ता. मोठ्या डॉक्टरलाही नाही. अंदाज बांधता येतो. रबरासारखी लागली तर एक शंका, दगडासारखी घट्ट रुतलेली असेल तर दुसरी, दोन-तीन गाठी एकमेकींना चिकटून गोळा झाला असेल तर तिसरी. पण अंदाजावर औषध चालवलं तर काय होतं ते मी भोगलंय.

तुला माझ्या आजारपणाचं अर्धंच माहीत आहे. 'गळ्याचं छोटं ऑपरेशन' एवढंच मी तेव्हा सांगितलं होतं. मला क्षय झाला होता. मानेतल्या ग्रंथींचा क्षय, जुने लोक ज्याला गंडमाळ म्हणायचे. लपवलं याची मला आज लाज वाटते. मी मोकळेपणी बोललो असतो तर रेणूची गाठ दिसल्याबरोबर तू मला फोन केला असतास.

माझी गाठ डाव्या बाजूला होती, दाढी करताना हाताला लागली. आधी लेप लावला. मग एका दवाखान्यात अँटिबायोटिकचे चार कोर्स झाले. त्यात एक औषध असं होतं की ते क्षयाच्या जंतूंनाही थोडं दाबतं. त्यामुळे गाठ जराशी उतरायची, मला बरं वाटायचं, आणि पंधरा दिवसांनी पुन्हा वर यायची. त्यात चार महिने गेले. शेवटी बायोप्सी झाली, तर काढलेला सगळा तुकडा फॉर्मॅलिनच्या, म्हणजे तो सडू नये म्हणून वापरतात त्या द्रवाच्या, बाटलीत टाकला. फॉर्मॅलिनमध्ये जंतू मरतात, मग ते वाढवून बघता येत नाहीत, आणि कुठलं औषध त्यांना लागू पडतं हे कळायचा रस्ताच बंद होतो. मला पुन्हा सुई घ्यावी लागली. म्हणून तुला एकच गोष्ट ठासून सांगतो. रेणूच्या गाठीतून जे काही काढतील त्याचा एक भाग पॅथॉलॉजिस्टकडे, आणि दुसरा भाग साध्या सलाइनमध्ये क्षयाच्या तपासणीला गेला पाहिजे. सुई घालण्याआधीच डॉक्टरांना हे विचार. विचारायला संकोच करू नकोस.

सुईचं म्हणशील तर ती रक्त काढायच्या सुईएवढीच बारीक असते. मी पडलो होतो, मानेखाली उशी, तोंड भिंतीकडे. डॉक्टरबाईंनी दोन बोटांत गाठ पकडली, म्हणाल्या, "आता गिळू नका." दहा-पंधरा सेकंद सुई आत मागेपुढे झाली, मग काचपट्टीवर पिवळसर थेंब पसरला. कापूस दाबून धरला, संपलं. तासाभराने मी बाहेर चहा पीत होतो. मानेतल्या गाठीत अशी सुई घातल्याने कर्करोग अंगभर पसरतो हे खरं नाही, काकांना माझ्या नावाने सांग. सुई कुठे जपून घालायची हे डॉक्टरांना कळतं. मेंढ्या आणि कुत्री यांच्या संगतीत राहणाऱ्या माणसांना यकृतात हायडॅटिड नावाच्या जंताची पिशवी होते, ती फुटली तर जिवावर बेततं, म्हणून तिथे आधी सोनोग्राफी करून, सगळी तयारी ठेवून मगच हात लावतात. रेणूच्या मानेचं तसं नाही.

सीबी-नॅट नावाची तपासणी आहे. यंत्रात घातल्यावर दोनेक तासांत क्षयाचा जंतू आहे का, आणि रिफाम्पिसिन हे क्षयाचं मुख्य औषध त्याच्यावर चालेल का, हे कळतं. सरकारी रुग्णालयात फुकट होते. छातीचा एक्स-रेही काढतीलच, कारण फुप्फुसात काही नसेल आणि क्षय नुसता गाठीत असेल, तर तो कुणाला लागत नाही. हे वहिनींना दोनदा वाचून दाखव. माझं ताट-वाटी आमच्या घरात सहा महिने वेगळी ठेवली होती. कुणी मुद्दाम केलं नाही, भीतीपोटी केलं, पण ते ताट मला अजून दिसतं. रेणूवर ती वेळ आणू नका.

क्षय निघाला तर औषध सहा महिने. पहिले दोन महिने चार औषधं, पुढचे चार महिने तीन, सगळी एकाच गोळीत एकत्र केलेली, वजनावर गोळ्यांची संख्या ठरते. मी सकाळी उपाशीपोटी चार घ्यायचो. पहिल्या दिवशी लघवी केशरी झाली आणि मी हादरलो. ते रिफाम्पिसिनमुळे होतं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही, तिला आधीच सांगून ठेव. नजर धूसर झाली, रंग नीट कळेनासे झाले, डोळे पिवळे दिसले किंवा सारख्या उलट्या झाल्या तर मात्र त्याच दिवशी दाखवायचं. पोषणासाठी सरकार २०१८ पासून रुग्णाच्या खात्यात पैसे देतं, आधी महिन्याला ५०० होते, नोव्हेंबर २०२४ पासून १००० झाले. बँकेचं पासबुक बरोबर आण.

तिसऱ्या महिन्यात माझी गाठ उलट वाढली. शेजारी दुसरी आली, कातडी लाल झाली. मी खचलो, वाटलं औषध लागूच पडत नाही. डॉक्टरबाईंनी पू काढून तपासला, त्यात जिवंत जंतू वाढलाच नाही. त्यांनी समजावलं, जंतू मेले आहेत, पण त्यांच्या अवशेषांवर शरीर अजून तुटून पडतंय, ही सूज त्या झगड्याची आहे. औषध चालू ठेवलं, दीड महिन्याने बसली. त्या दिवसांत कुणी 'गोळ्या बदला' म्हटलं असतं तर मी बदलल्या असत्या. तिथे धीर धरावा लागतो.

रेणूच्या वयाच्या मुलींना आणखी एक आजार होतो, किकुची म्हणतात. १९७२ साली जपानमध्ये त्याचं पहिलं वर्णन झालं. मानेत गाठी, ताप, अगदी क्षयासारखं किंवा लिम्फोमासारखं, म्हणजे लसिका ग्रंथींच्या कर्करोगासारखं चित्र, पण ही नुसती सूज असते आणि बहुधा काही महिन्यांत आपली आपण जाते. तेही तुकडा तपासल्याशिवाय कळत नाही. आणि लिम्फोमाच निघाला, तरी तरुण वयात होणारा हॉजकिन प्रकार आज बहुतेकांचा पूर्ण बरा होतो. म्हणून तिला रात्री घाम येऊन कपडे भिजतात का, वजन उतरलंय का, अंगाला खाज येते का, हे नीट विचार. तिचं मागच्या दिवाळीचं वजन कुठे लिहिलेलं असेल तर शोध. आणि तुकडा तपासून होईपर्यंत 'सूज उतरवायची गोळी' म्हणून कुणी स्टेरॉइड देऊ लागलं तर आधी मला फोन कर. त्याने लिम्फोमाची गाठही तात्पुरती विरघळते आणि निदान अवघड होतं.

तू हळू आवाजात विचारलंस, लग्नाच्या वेळी हे निघालं तर? दत्ता, माझ्या मानेवर बोटाच्या पेराएवढा व्रण आहे, मी तो आता कॉलरखाली झाकत नाही. उपचार पूर्ण झालेल्या क्षयाने कुठल्याही मुलीच्या संसाराला बाधा येत नाही. जो त्यावरून मोडता घालेल त्याच्या घरात आपल्याला रेणू द्यायचीच नाही.

मंगळवारी पहिल्या एसटीने निघा, मी स्टँडवर येतो. जुने रिपोर्ट आण, घेतलेल्या गोळ्यांची रिकामी पाकिटंही आण, म्हणजे कुठलं औषध झालंय ते कळेल. रेणूला पुढून बटणं असलेला कुर्ता घालायला सांग, मान मोकळी राहते. चार दिवसांचे कपडे घ्या, रिपोर्ट हातात आल्याशिवाय मी परत जाऊ देणार नाही. हिने थालीपिठाची भाजणी दळून आणलीय, रेणूला आवडतं म्हणून.

तुझा,
अरविंद