नमुना शेवटच्या नळाचा घ्या

मा. संपादक,

आमच्या ग्रामपंचायतीला यंदाही हिरवं कार्ड मिळालं. म्हणजे कागदावर आमचं पाणी निर्धोक. मृगाचा पहिला पाऊस झाला आणि खालच्या आळीत सहा घरांत जुलाब सुरू झाले. माझ्या नातीला दोन दिवस सलाईन लावावं लागलं.

मी पिठाची गिरणी चालवते. जलजीवन मिशनमध्ये पाणी तपासायला गावोगाव पाच-पाच बायकांना शिकवलं, त्यातली मी एक. तपासणीची पेटी ग्रामपंचायतीच्या कपाटात, किल्ली ग्रामसेवकाकडे आणि ग्रामसेवकाकडे तीन गावं! हातापाया पडून पेटी मिळवली तर निम्म्या बाटल्यांची मुदत संपलेली. ओटीची, म्हणजे पाण्यात क्लोरीन असला तर पिवळा रंग देणाऱ्या औषधाची, तेवढी चालू होती.

टाकीजवळच्या नळाचं पाणी नळीत घेऊन ओटीचा थेंब टाकला, तर हळद कालवल्यासारखं पिवळं झालं. जुलाबाची बोंब झाल्यावर जलसुरक्षकाने टीसीएल, म्हणजे टाकीत घालायची क्लोरीनची पावडर, वाढवली होती. पन्नास हजार लिटरच्या टाकीला चांगली पावडर पाव किलो पुरते, याने अर्धा किलो घातली. वरच्या आळीला वासाने चहा पिववेना. तिथून खालच्या आळीच्या शेवटच्या नळावर गेले. थेंब टाकला, हलवलं, उजेडात धरून पाहिलं. रंगच नाही. नळाला लिटरमागे निदान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन उरायला हवा, तिथे काहीच नव्हतं.

मधे पाऊण किलोमीटर पाइप आहे आणि वाटेत व्हॉल्व्हचा खड्डा. झाकण नाही, गटार त्यातच उतरतं, व्हॉल्व्ह काळ्या पाण्यात बुडालेला. आमच्याकडे पाणी दिवसाआड तासभर. सुरू असतं तेव्हा गळक्या जोडातून बाहेर येतं, बंद झालं की रिकामा होणारा पाइप तेच काळं पाणी आत ओढतो. अशा घाणीत क्लोरीन तिथल्या तिथे खर्ची पडतो, टाकीत कितीही ओता. त्यात कडेच्या घरांनी नळाला मोटारी लावल्यात, म्हणजे ओढ आणखी. (माझ्या दिरानेही लावली आहे. हे छापून आल्यावर घरात बोलणी मलाच.)

कार्डाचं सर्वेक्षण वर्षातून दोनदा होतं, पावसाळ्याआधी आणि नंतर. दिवसाआड भरणारा खड्डा त्यात कसा दिसावा? प्रशिक्षणात सर म्हणाले होते, उगमापासून घरच्या नळापर्यंत कुठे काय बिघडू शकतं ते आधीच हेरायचं. जागतिक आरोग्य संघटना 2004 पासून हेच सांगते. आमच्या फायलीत तसा आराखडा आहेही, छान रंगीत. त्यात विहीर आहे, टाकी आहे, शाळा आहे. व्हॉल्व्हचा एकही खड्डा नाही.

माझं मागणं थोडकं आहे. ओटी शेवटच्या नळावर करा, तीही पाणी सुटल्यावर पहिल्या दहा मिनिटांत, कारण खरी घाण तेव्हाच येते. आकडा तारखेसह फळ्यावर लिहा. फळा माझ्या गिरणीत लावा, बाटलीही तिथेच ठेवा. दळणाला सगळा गाव येतो.

झाकणाचा विषय पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत घेऊ म्हणालेत. गवंड्याने खर्च दीड हजार सांगितला. तोवर गटार आम्ही बायकांनी माती टाकून वळवलंय आणि खड्ड्यावर गिरणीचा जुना दगड ठेवलाय. तो सरकवायला चार पोरं लागली.

– एक गिरणीवाली, जि. सोलापूर