लावलेलं रोप म्हणजे जंगल नव्हे

संपादक साहेब, नमस्कार.

हवामान बदलावर काहीही वाचायला घ्या, शेवटी गाडी येते ती झाडं लावा यावरच. लावा की, कोण नको म्हणतंय. पण इतके कोटी रोपं लावली, टार्गेटच्या आधीच पूर्ण केलं असल्या बातम्या आल्या की चिडचिड होते, कारण त्यातली जगली किती हे कोणी विचारत नाही आणि तेवढ्या काळात उभं जंगल किती गेलं हे तर कोणी सांगतच नाही.

आपण माणसं जेवढा कार्बन डायऑक्साइड हवेत सोडतो त्यातला जवळपास ३० टक्के जंगलं, गवताळ प्रदेश आणि माती मिळून ओढून घेतात, आणखी पाव हिस्सा समुद्र घेतो. म्हणजे अर्ध्याहून जास्त घाण निसर्ग फुकटात उचलतोय आणि आपण त्याच्याच मुळावर उठलोय. ॲमेझॉनचं बघा. ब्राझीलच्या संशोधक लुसियाना गट्टी आणि त्यांच्या टीमने बरीच वर्षं विमानातून हवेचे नमुने घेतले आणि २०२१ मध्ये छापलं की जंगलाचा आग्नेय भाग आता कार्बन घेण्याऐवजी सोडायला लागलाय. तिथली झाडं मुळांनी पाणी ओढून पानांतून हवेत सोडतात आणि त्यातूनच पुढच्या भागात पाऊस पडतो, मग झाडंच तोडली की पाऊस कमी, कोरडा सीझन लांबतो, उरलेली झाडं वाळतात आणि आगी लागतात. असं हे चक्र उलटं फिरायला लागलं की रोपं लावून ते कसं थांबणार सांगा.

आणि सगळं झाडांमध्येच असतं असंही नाही. पीट म्हणून दलदलीची जमीन असते, हजारो वर्षांची पानं, मुळं, खोडं पाण्याखाली अर्धवट कुजून थरावर थर बसलेले. जगाच्या जमिनीत ही फक्त ३ टक्के, पण जगभरच्या सगळ्या जंगलांच्या झाडांमध्ये मिळून नाही एवढा कार्बन तिच्यात आहे. इंडोनेशियात १९९० च्या दशकात सुहार्तोंच्या सरकारने अशी जवळपास १० लाख हेक्टर जमीन भातासाठी काढली, मैलोन्मैल कालवे खोदून पाणी काढून टाकलं. भात काही पिकला नाही, जमीन मात्र सुकली. २०१५ ला एल निनोच्या कोरड्या वर्षी देशभरच्या अशा सुकवलेल्या जमिनी पेटल्या, आणि ही आग वरून विझली तरी खाली जमिनीत धुमसत राहते, दिसत पण नाही, पार सिंगापूर मलेशियापर्यंत धूर. पुढच्या वर्षी सरकारने वेगळी एजन्सी काढली, तिचं एक मोठं काम काय, तर कालव्यांत बांध घालून पाणी परत अडवणं!

कोस्टा रिकाने जरा शहाणपणा केला. १९९७ पासून तिथे जंगल राखणाऱ्या जमीनमालकांना पैसे मिळतात, त्यातला मोठा भाग इंधनावरच्या टॅक्समधून येतो. सगळं त्यानेच झालं असं नाही, पण तोडलेलं बरंच जंगल परत आलंय, आणि त्यातलं पुष्कळ नुसतं मोकळं सोडल्याने आपलं आपण उगवलंय.

कंपन्यांचं कार्बन क्रेडिट प्रकरण मला तर अजिबात पटत नाही. कोळसा जाळायचा आणि कुठेतरी झाडांचे पैसे भरून हात झटकायचे. कोळशातला कार्बन कोट्यवधी वर्षं जमिनीत गप्प पडून होता, तो बाहेर काढून झाडात ठेवला तर त्याची गॅरंटी काय, २०२३ मध्ये एकट्या कॅनडात दीड कोटी हेक्टरच्या वर जळालं.

२०२१ ला ग्लासगोच्या हवामान परिषदेत शंभरावर देशांनी २०३० पर्यंत जंगलाचा नाश थांबवायचा शब्द दिलाय. तेव्हा एक विनंती, यापुढे वृक्षारोपणाची बातमी छापाल तेव्हा सोबत दोन आकडे मागून घ्या, तीन वर्षांपूर्वी लावलेल्यातली किती जिवंत आहेत आणि त्या तीन वर्षांत जुनं जंगल किती तोडलं. नाही दिले तर नाही दिले असं छापा.

आपला,
एक नियमित वाचक