पाणी थांबव, उजेड दे

सांगोला

प्रिय चि. गौरी,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या कुंडीतल्या फिडल लीफ फिगचे फोटो मिळाले. खालची पानं काळपट डाग पडून गळतायत, आता टाकून देऊ का, असं विचारलंस. टाकू नकोस. शेंडा हिरवा आहे, खोड टणक दिसतंय. असं झाड सहसा सावरतं.

फिडल लीफ फिग हे नाव मला नवीन होतं, म्हणून दोन रात्री वाचत बसलो. हे तर वड, पिंपळ, उंबर यांच्याच कुळातलं निघालं. मूळ ठिकाण पश्चिम आफ्रिका, सिएरा लिओनपासून कॅमेरूनपर्यंतचं सखल, पावसाळी जंगल. तिथे ते ४०-५० फूट वाढतं आणि पान दीड फुटापर्यंत जातं. कितीदा तर त्याचं बी दुसऱ्या झाडाच्या फांदीवरच रुजतं. वर उजेड मिळतो, आणि मुळं हवेतून उतरत उतरत जमीन गाठतात. आपल्या मारुतीच्या देवळाच्या भिंतीत पिंपळ उगवलाय ना, त्याचाच हा भाऊबंद. ही मुळं चिखलात बसायची नव्हेत. त्यांना ओल लागते तेवढीच हवाही लागते. आणि त्या मुलखात दिवस बारा महिने जवळजवळ बारा तासांचा. टोरांटोत डिसेंबरात तो जेमतेम नऊ तासांचा, त्यात तुझी कुंडी सोफ्यामागच्या कोपऱ्यात, आणि रोज एक कप पाणी. पानांना उजेड नाही म्हटल्यावर झाड पाणी ओढणार कशाला? ते तसंच तळाशी साचत राहतं आणि मुळं गुदमरतात.

म्हणून आधी पाणी बंद कर. आपल्या डाळिंबाला ठिबक कधी सोडायचं ते आपण वार बघून ठरवत नाही, हे तू लहानपणापासून पाहिलंयस. माती उकरायची, मुठीत दाबायची, वाफसा आला असेल, म्हणजे जास्तीची ओल जाऊन मातीत हवा खेळू लागली असेल, तरच पाणी. कुंडीतही तेच कर. बोट दोन इंच आत घाल. ओलं लागलं तर त्या दिवशी काही करायचं नाही. कोरडं लागलं की मग मात्र भरपूर घाल, तळाच्या भोकांतून वाहेपर्यंत, आणि थोड्या वेळाने खालच्या ताटलीतलं पाणी ओतून टाक. रोज घोट-घोट पाजलेलं पाणी सगळ्यात वाईट. हिवाळ्यात दोन पाण्यांत दहा-पंधरा दिवस गेले तरी घाबरू नकोस. मात्र डाळिंबाचा बहार धरताना आपण पाणी तोडून बागेला ताण देतो, तसला ताण याला द्यायचा नाही. पूर्ण सुकवलंस तर पानं कडेने करपतील आणि तीही गळतील. तुझ्या फोटोतले डाग तसे कोरडे, कुरकुरीत नाहीत. ते गडद आहेत आणि सुरुवात खालच्या पानांपासून झालीय, म्हणून माझा संशय मुळांवर आहे.

तो संशय फेडून घे. या रविवारी वर्तमानपत्र अंथर, कुंडी आडवी करून मातीचा गड्डा हळूच बाहेर काढ. मुळं पांढुरकी, टणक असतील तर जशीच्या तशी परत ठेव. तपकिरी, मऊ आणि वास मारणारी असतील तर ती स्वच्छ कात्रीने कापून टाक आणि उरलेली नव्या मिश्रणात बसव. कुंडी मोठी घेऊ नकोस. मुळं थोडी आणि माती ढीगभर असली की ओल आटतच नाही. नुसती काळी पीट-माती नको, त्यात परलाइट (हलके पांढरे खडे) आणि झाडाच्या सालीचे तुकडे मिसळ. तिकडे मुरूम मिळायचा नाही, पण आपल्या मुरमाड जमिनीतून पाणी जसं झरझर निघून जातं, तसं ते मिश्रण झालं पाहिजे.

आता उजेड. हेच मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, आणि लोक याकडेच कमी बघतात. खिडकीपासून दहा फुटांवर आपल्या डोळ्यांना लख्ख वाटतं, झाडाला तो अंधार असतो. तुझी दक्षिणेची खिडकी आहे, कुंडी तिथेच ठेव. हिवाळ्यात तिथला सूर्य खाली असतो, ऊन मवाळ असतं, काचेतून आलेलं ते ऊन पानांना सोसेल. पानं थंड काचेला टेकू देऊ नकोस. उन्हाळ्यात दोन-तीन फूट मागे घे किंवा पातळ पडदा सोड. एवढं करून पुरत नसेल तर वाढीसाठीचा एलईडी दिवा रोज दहा-बारा तास लाव. हीटरची गरम हवा थेट पानांवर येते का, ते आधी हात धरून बघ. येत असेल तर जाळीचं तोंड फिरव.

एकदा जागा ठरली की बदलू नकोस. जागा बदलली की हे झाड पानं टाकतं, आणि आपण घाबरून ते आणखी हलवतो. आठ-पंधरा दिवसांनी कुंडी जागच्या जागी पाव फेरा फिरव, म्हणजे एका बाजूला झुकणार नाही.

खत वसंतापर्यंत नकोच. पानांवरची धूळ ओल्या फडक्याने पूस, खालून हाताचा आधार देऊन. पुसताना पानामागे बघत जा. पिठ्या ढेकूण, खवले कीड, लाल कोळी घरातही येतात, आणि हीटरच्या कोरड्या हवेत कोळी तर हमखास. दिसले की साबणाच्या पातळ पाण्याने धुवून काढ. याच्या चिकाने कातडीला खाज सुटते, म्हणून कापाकापी करताना हातमोजे घाल. आणि तुझ्या मांजरीला पानं चावू देऊ नकोस, तिच्या तोंडाची आग होईल.

गळालेल्या जागी पान परत फुटत नाही. खोडाचा खालचा भाग उघडाच राहील, ते तुला आवडणार नाही. त्यावर माझ्याकडे इलाज आहे: गुटी. डाळिंबाला बांधतो तशीच. पानांच्या खाली बोटभर रुंद साल गोल काढायची, चीक पुसायचा, ओलं शेवाळ लावून वर प्लॅस्टिक घट्ट बांधायचं. मुळ्या प्लॅस्टिकमधून दिसू लागल्या की खालून कापून नव्या कुंडीत लावायचं. वरचं झाड बुटकं, भरगच्च होतं आणि खालच्या खुंटालाही बहुधा फुटवे येतात. पण हे काम झाड जोमात वाढत असतानाचं, आता मुळीच नाही. जूनमध्ये मी आणि आई येतोय. गुटी मी बांधीन, तोवर शेंड्याला कात्री लावू नकोस.

मुळं पाहिलीस की त्यांचा फोटो पाठव, उजेडात काढलेला. आईचे आशीर्वाद.

तुझे
बाबा