मंडळीच्या वाचनालयासाठी कोणती पुस्तकं घ्यावीत?

सदर, नागपूर

प्रिय आई-बाबा,

प्रभू येशूच्या नावाने सप्रेम सलाम.

बाबा, तुमचं पत्र परवा मिळालं. चर्चच्या मागची खोली वाचनालयासाठी मोकळी झाली, मंडळीचा कारभार बघणाऱ्या पास्टोरेट कमिटीने थोडे पैसेही मंजूर केले आणि यादी करायचं काम तुमच्याकडे आलं, हे वाचून भरून आलं. शास्त्राभ्यास, ईश्वरविज्ञान आणि आत्मिक जीवन या तिन्हींवरची पुस्तकं सुचव, असं तुम्ही लिहिलंय. फोनवर हे नीट सांगणं व्हायचं नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. कपाट भरायच्या मागे लागू नका. पुस्तकं थोडी घ्या, पण जे घ्याल त्याच्या चार-पाच प्रती घ्या. आणि निवडताना एवढंच बघा, की हे पुस्तक चारचौघांत मोठ्याने वाचता येईल का? आपल्या मंडळीत शाळा अर्ध्यावर सुटलेल्या बायका आहेत, अक्षर दिसत नाही म्हणून वाचन सोडलेले म्हातारे आहेत, ऊसतोडीला जाऊन उन्हाळ्यात परतणारी कुटुंबं आहेत. पुस्तक घरी न्यायचं, एकट्याने वाचायचं आणि रजिस्टरवर सही करून परत करायचं, असलं वाचनालय त्यातल्या कितीजणांच्या कामाचं? एकाने वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं, अडलं तर मध्येच थांबवून विचारायचं, असं केलं तर त्या खोलीत माणसं येतील.

मराठीत ख्रिस्ती ग्रंथ आला तोच मुळी असा, ऐकण्यासाठी. फादर थॉमस स्टीफन्स यांचं ‘ख्रिस्तपुराण’ 1616 मध्ये रोमन अक्षरांत छापलं गेलं. त्यात जवळपास 11 हजार ओव्या आहेत. गोव्यातल्या नवख्रिस्ती लोकांची जुनी पुराणं सुटली होती, पण कानांना ओवीची सवय होती. इंग्लंडात जन्मलेल्या या जेझुइट पाद्र्याने ते ओळखलं आणि उत्पत्तीपासून प्रभूच्या स्वर्गारोहणापर्यंत सगळी कथा ओवीत बांधली. चर्चमध्ये ती वाचली जायची. 1956 मध्ये शांताराम बंडेलू यांनी ती देवनागरीत आणली. भाषा जुनी आहे, सलग वाचायला जड जाते, पण नाताळच्या आठवड्यात जन्माचा भाग रोज थोडा वाचा. आई, तुला तो चालीवर म्हणता येईल.

आता शास्त्राभ्यास. पहिला खर्च बायबलवरच करा. मोठ्या अक्षरांच्या प्रती घ्या, आणि एक-दोन सोप्या मराठीतल्या. बायबल प्रत्येकाच्या घरी आहे, मग परत कशाला, असं कमिटीत कोणीतरी म्हणेलच. पण घरी आहे ते लग्नात मिळालेलं, बारीक टायपाचं. शिवाय सगळ्यांच्या हातात सारखंच पान असलं की शोधण्यात वेळ जात नाही.

सुरुवात नव्या करारातल्या, फिलेमोनला लिहिलेल्या पत्रापासून करा, असं मी आग्रहाने सांगेन. एकच अध्याय, 25 वचनं. आधी कोणाचंही भाष्य न उघडता ते सलग दोनदा मोठ्याने वाचा. मग एवढंच विचारा, की या पत्रात माणसं किती आहेत आणि कोण कोणाचं काय लागतं? पत्र लिहिणारा प्रेषित पौल तुरुंगात आहे. फिलेमोन घरमालक आहे, त्याच्या घरात मंडळी जमते. अप्फिया नावाची बहीण आहे, अर्खिप्प आहे. आणि ज्याच्यासाठी हे सगळं लिहिलंय तो अनेसिम, फिलेमोनचा गुलाम. पौल म्हणतो, त्याने तुझं काही नुकसान केलं असेल तर ते माझ्या हिशेबी मांड, मी फेडीन, हे मी स्वतःच्या हाताने लिहितोय. उचल घेतलेल्या माणसाचं खातं कसं असतं हे आपल्या मंडळीतल्या बायकांना कोणी समजावून सांगायची गरज नाही. दुसऱ्याचं देणं कोणी आपल्या नावावर घेतलं तर काय होतं, हे त्या तुम्हाला सांगतील. तारणाचा सगळा विषय त्या एका वचनावरून उघडता येतो.

आणखी एक बघा. पत्राच्या आरंभी पौल एकट्या फिलेमोनला हाक मारत नाही, त्याच्या घरच्या मंडळीलाही मारतो. म्हणजे हे पत्र सगळ्यांसमोर वाचलं जाणार होतं. फिलेमोन तिथेच बसलेला, सगळे ऐकताहेत, आणि अनेसिमला गुलाम म्हणून नको, प्रिय भाऊ म्हणून घे, असं वाचलं जातंय! एकट्याने मनात वाचताना ही गोष्ट हाती लागत नाही.

एवढं झालं की मग संदर्भ बघा. कलस्सैकरांस पत्र, अध्याय 4, वचन 9. तिथे अनेसिम परत भेटतो, आणि तो ‘तुमच्यातलाच’ आहे असं पौल कलस्सैकरांना सांगतो. म्हणजे फिलेमोनचं घर कलस्सैमध्ये असणार. हे शोधायला मोठी विद्या लागत नाही, तळटीप बघायची सवय लागते. आणि भाष्य उघडायची वेळ यानंतरची. रोमी राज्यात पळालेल्या गुलामाला डाग देण्यापर्यंत शिक्षा व्हायची, हे भाष्यातून कळलं की अनेसिम केवढा जीव मुठीत धरून परत गेला असेल ते समजतं. भाष्य आधी वाचलं तर माणसं लेखकाचं मत पाठ करतात आणि वचन मागे राहतं.

बाबा, तुमचं इंग्रजी उत्तम आहे, तेव्हा भाष्यं इंग्रजीतली घेतली तरी तुम्ही त्यांतलं सार सांगू शकाल. मॅथ्यू हेन्रीचं भाष्य घ्या. ते 1706 पासून भागाभागाने निघालं. प्रेषितांच्या कृत्यांपर्यंत आल्यावर 1714 मध्ये तो वारला आणि पुढची पत्रं इतर पाळकांनी पुरी केली, त्यामुळे फिलेमोनवरचं त्याच्या हातचं नाही. पण स्तोत्रांवर आणि शुभवर्तमानांवर त्याच्याइतका जिव्हाळ्याने लिहिणारा क्वचितच सापडेल. दुसरा विल्यम बार्कले, ग्लासगोचा प्राध्यापक. त्या काळचं घर, शेत, लग्न, नाणी, रस्ते तो असे उभे करतो की उपदेश तयार करणाऱ्याचं अर्धं काम होतं. मात्र चमत्कारांपाशी सांभाळून. पाच हजारांना जेवू घातल्याच्या प्रसंगी लोकांनी आपापली शिदोरी बाहेर काढून वाटली असेल, असाही एक अर्थ तो पुढे ठेवतो. मला तो पटत नाही. चारही शुभवर्तमानांत आलेला हा प्रसंग शिदोरीवाटपाचा असता तर लोक येशूला जबरीने राजा करायला धावले नसते. तरी बार्कले घ्याच. एका माणसाचं सगळंच मानायचं नसतं, हेही शास्त्राभ्यासात शिकायचं असतं.

यावरून इथली एक गोष्ट आठवली. सदरच्या ऑल सेंट्स कॅथेड्रलवरून माझं रोजचं जाणं-येणं आहे. 29 नोव्हेंबर 1970 ला नागपुरातच चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं. अँग्लिकन, बाप्टिस्ट, ब्रदरेन, मेथडिस्ट, डिसायपल्स आणि आपल्या नगरकडच्या अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळ्या ज्यात होत्या ते युनायटेड चर्च, अशा सहा परंपरा एक झाल्या. बाबा, तेव्हा तुम्ही ऐन पंचविशीत होता. बाळाचा बाप्तिस्मा मानणारे आणि विश्वास पत्करल्यावरच बाप्तिस्मा द्यावा म्हणणारे एकाच चर्चमध्ये राहिले. म्हणून म्हणते, वाचनालयातही एकाच छापाची पुस्तकं नकोत. रोमन कॅथलिक लेखक दिसला की नाक मुरडणारे आपल्याकडे आहेत, त्यांना हे आवर्जून सांगा.

ईश्वरविज्ञानाच्या जाड ग्रंथांवर सध्या पैसे घालू नका. प्रेषितांचा मतांगीकार, म्हणजे आपण काय मानतो ते थोडक्यात सांगणारं कबुलीवचन, सगळ्यांना तोंडपाठ आहे, तोच वाचनवर्गाचा आराखडा करा. एक ओळ, एक बुधवार. येशूखेरीज त्यात दोनच माणसांची नावं आहेत, मरिया आणि पंतय पिलात, आणि हे दोघे तिथे का आहेत एवढ्यावरच एक संध्याकाळ जाईल. दारोदार पत्रकं घेऊन येणारे लोक ‘येशू देव नाही’ असं सांगून जातात आणि आपल्या तरुण मुलांना उत्तर सुचत नाही, असं आईने लिहिलंय. हा वाद नवा नाही. पुत्र हा देवाने निर्माण केलेला, तो नव्हता असा एक काळ होता, असं आरियस नावाचा पाळक शिकवत होता, आणि त्यावरच 325 मध्ये निकेयाची परिषद भरली. अथनेशियस तेव्हा तरुण डीकन, म्हणजे बिशपच्या हाताखालचा सेवक होता. पुढे बिशप झाल्यावर याच सत्यासाठी त्याला पाच वेळा हद्दपारी सोसावी लागली. प्रभूच्या देहधारणेवरचं त्याचं पुस्तक लहानसं आहे, इंग्रजीत सहज मिळतं. त्याचा मुद्दा म्हाताऱ्या आजीलाही कळेल: ज्याने आपल्याला घडवलं तोच आपल्याला नव्याने घडवू शकतो, निर्माण केलेल्या कोणाचं ते काम नाही.

आत्मिक जीवनावर लिहिताना मला आई डोळ्यांसमोर आहे. आई, सकाळी चूल पेटल्यापासून रात्री भांडी पालथी घालेपर्यंत प्रार्थनेला निवांत वेळ मिळत नाही म्हणून तू हळहळतेस. ब्रदर लॉरेन्स हा सतराव्या शतकातला, पॅरिसच्या मठात स्वयंपाकघरात राबणारा माणूस. तो 1691 मध्ये वारल्यावर त्याची पत्रं आणि त्याच्याशी झालेली बोलणी कोणीतरी गोळा करून छापली. खरकट्या भांड्यांच्या खडखडाटातही गुडघ्यांवर असल्यासारखा मी देवाजवळ असतो, अशा अर्थाचं तो बोलतो. बाबा, हे तुम्ही आईला मराठीतून सांगत सांगत वाचा. आणि तुमच्यासाठी जर्मन पाळक बोनहोफर. नाझी पोलिसांनी त्याची सेमिनरी बंद पाडली, त्यानंतर तिथल्या एकत्र राहण्यावर त्याने एक छोटं पुस्तक लिहिलं, ते 1939 मध्ये निघालं. घरात रोज शास्त्राचा मोठा, सलग भाग सगळ्यांनी मिळून वाचावा, निवडक वचनांवर भागवू नये, असं त्याचं ठाम म्हणणं आहे. 9 एप्रिल 1945 ला त्याला फाशी दिलं.

मराठी आत्मिक जीवन हवं असेल तर लक्ष्मीबाई टिळकांचं आत्मचरित्र, ‘स्मृतिचित्रे’. याच्या सगळ्यात जास्त प्रती घ्या. त्यांचे यजमान रेव्हरंड टिळक नागपूरहून राजनांदगावला निघाले होते, गाडीत एका अनोळखी युरोपियन माणसाने त्यांना नवा करार दिला. डोंगरावरच्या प्रवचनापाशी ते आले आणि पुस्तक खाली ठेववेना. 10 फेब्रुवारी 1895 ला मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. लक्ष्मीबाईंवर त्या वेळी आकाश कोसळलं. ताटातूट, राग, सोवळं-ओवळं, मग एकेक करून गळून पडलेले आग्रह, आणि पाच वर्षांनी त्यांचा स्वतःचा बाप्तिस्मा. काहीही झाकलेलं नाही. विश्वास एका रात्रीत येतो असं साक्षी ऐकून वाटतं, आणि ज्यांचा तसा आला नाही त्या बायका स्वतःला कमी समजतात. त्यांना हे पुस्तक वाचून दाखवा. माझ्या सासूबाई आधी ‘किती वाचून राहिली तू’ म्हणायच्या, आता संध्याकाळी त्याच पुस्तक माझ्या हातात आणून देतात.

सोबत पंडिता रमाबाईंचं एखादं चरित्रही ठेवा. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी अख्खं बायबल खेड्यातल्या बायकांना कळेल अशा मराठीत आणलं, 1922 मध्ये त्या गेल्या आणि 1924 मध्ये ते प्रसिद्ध झालं. केडगावच्या मुक्ती मिशनमधल्या बायकांनीच त्याचे छपाईचे खिळे जुळवले होते. ‘बायकांना काय कळतंय’ म्हणणारे आपल्या कमिटीत अजून आहेत, त्यांच्यासमोर हे चरित्र उघडून वाचा.

घेऊ नयेत अशीही पुस्तकं आहेत. दान द्या म्हणजे दसपट मिळेल, विश्वास असेल तर गोळ्या बंद करा, अमुक साली जगाचा अंत आहे, असली पुस्तकं फुकट मिळाली तरी परत करा. त्या दिवसाविषयी व त्या घटकेविषयी कोणाला ठाऊक नाही, हे प्रभूनेच मत्तय 24 मध्ये सांगून ठेवलंय. आणि गोळ्या बंद केल्याने आपल्याच नात्यात काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. कोणी भेट म्हणून दिली तरी कपाटात नको, कपाटात ठेवली म्हणजे मंडळीने पसंत केली असं लोक धरतात.

इंग्रजी पुस्तकं मी इथून बघते, मराठी तुम्ही नगरला विचारा, दोघांनी तीच घेतली असं नको. कमिटीची बैठक कधी आहे ते कळवा, त्याआधी किमती लिहून पाठवते. बाबा, मोतीबिंदूच्या ऑपरेशनला आता आणखी चालढकल करू नका. तोवर संध्याकाळचं वाचन शेजारच्या नववीतल्या मुलीकडून करून घ्या, तिचाही शास्त्राभ्यास होईल. आई, गुडघ्यांचं तेल पाठवलंय, पार्सल पोचलं की सांग. नातू तुम्हाला सलाम सांगतोय. त्याने फिलेमोनचं पत्र मोठ्याने वाचून मोबाइलवर रेकॉर्ड केलंय, ते रविवारी पाठवतो म्हणाला.

तुमची
बेबी