काकाजी, तुमचे अकरा कांदे माझ्याकडे आहेत

प्रिय काकाजी,

तुमचा नंबर माझ्याकडे नाही, आणि शेजारचं घर विकलं गेल्यापासून तुमचं आमच्या गल्लीत येणं थांबलं. म्हणून हे असं उघड लिहितेय. नागपुरात त्रिमूर्तीनगरच्या बाजूला सायकलच्या दांड्याला खुरपं अडकवून फिरणारे माळीकाका कुणाला दिसले, तर त्यांना एवढं वाचून दाखवा.

दोन वर्षांपूर्वीच्या भाद्रपदात मी ग्लॅडिओलसच्या फुलांचे २४ कंद, तुमच्या भाषेत कांदे, लावले होते. आपली काळी माती, सपाट वाफा, वरून पाऊस. जरा उघडीप पडली की मी झारी घेऊन हजर! सहा उगवले, तेही पिवळे. तुम्ही भिंतीपलीकडून म्हणालात, "एवढं पाणी कायले देता बाई? सडून जाईन ना थे." खरं सांगते, राग आला होता. मग तुम्ही आत येऊन एक कंद उकरला आणि अंगठ्यानं दाबला. अंगठा आत गेला. तपकिरी लगदा नुसता.

दसरा होऊ द्या म्हणालात, आणि ऑक्टोबरच्या शेवटी खरंच आलात. वाफा वीतभर उंच केलात, रेती आणि कुजलेलं शेणखत कालवलंत. कंद चार बोटं खोल, डोळा वर. सगळे एकदम लावू दिले नाहीत, दहा-दहा दिवसांनी तीन खेपांत लावायला लावलेत. त्यामुळे जानेवारीच्या मध्यापासून जवळजवळ महिनाभर माझ्याकडे फुलं होती. बर्डीच्या फूलबाजारात मी त्या काळात फिरकलेही नाही.

पहिला दांडा मी हौसेनं पार मुळाशी कापला, तेव्हा तुम्ही बोललात ते अजून कानात आहे. खालच्या कळीनं रंग दाखवला की कापायचा, बाकीच्या फुलदाणीत उमलतात. पण चार पानं झाडावर राहिलीच पाहिजेत, खालचा नवा कंद त्या पानांवरच पोसतो. हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं. मार्चमध्ये पानं वाळल्यावर खणलं तर डोळ्यांनीच दिसलं: जुना कंद सुकून चकतीसारखा चपटा झालेला, त्याच्या डोक्यावर नवा टणक कंद, आणि भोवती ज्वारीच्या दाण्याएवढी पिल्लं. ती चकती तुम्ही कट्टकन मोडून फेकलीत. मी मात्र एक जपून ठेवलीय, उगाच.

कंद सावलीत वाळवले, कुजकट वेगळे काढले. पण आपला मे महिना! ४५ अंशांत कूलरसमोर माणूस टिकत नाही, तिथं कंद काय टिकणार. तुमच्या सांगण्यावरून कागदी पिशवीत घालून फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात ठेवले, फळांपासून लांब. पिशवीवर 'हे कांदे नाहीत' असं मोठ्या अक्षरात लिहिलंय, कारण एकदा फोडणीपर्यंत मजल गेली होती.

मी पैसे पुढे केले तर तुम्ही हात मागे घेतलात. "पुढच्या साली दोन-चार कांदे द्या, घरी लावतो." या वर्षीही पीक चांगलं आलं. अकरा कंद तुमच्यासाठी वेगळे ठेवलेत, सगळे लाल. पिल्लंही आहेत वाटीभर, पण त्यांना फुलायला दोन हंगाम तरी जातील. लावायच्या पंधरा दिवस आधी फ्रिजमधून बाहेर काढेन. दसऱ्यानंतर कधीही या, संध्याकाळी मी घरीच असते.

तुमची,
निळ्या फाटकवाली बाई