फ्लॅटबुशच्या आंटींना

प्रिय आंटी,

‘थँक यू’ तर मी तुम्हाला दर आठवड्याला तुमच्या खाण्याच्या दुकानात काउंटरवर म्हणतेच. ते पुरत नाही, म्हणून हे मराठीत लिहिते आहे. शनिवारी येईन तेव्हा ओळ न् ओळ वाचून अर्थ सांगेन. त्याआधी माझ्या माणसांना कळू दे, की २०२० साली, कोरोनात, न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधल्या फ्लॅटबुश वस्तीतलं आमचं घर कुणाच्या चुलीवर चाललं.

आई त्या फेब्रुवारीत चिपळूणहून माझ्या बाळंतपणाला आली होती. बॅगेत डिंक, अळीव, बाळंतशोपा आणि मे महिन्याचं परतीचं तिकीट. मार्चमध्ये भारतानं परदेशातून येणारी विमानं बंद केली आणि ती इथंच अडकली. आमच्या रस्त्यानं रात्रंदिवस सायरन वाजत जायचे. शहरातल्या काही रुग्णालयांनी प्रसूतीच्या वेळी सोबतीच्या माणसाला बंदी केली, मग राज्य सरकारनं ती उठवली; त्या चार-पाच दिवसांबद्दल मला अजूनही बोलवत नाही. एप्रिलमध्ये मुलगी झाली. घरी येऊन चार दिवस होत नाहीत तोच नवऱ्याला ताप भरला. तो एका खोलीत बंद, मी बाळाला घेऊन दुसऱ्या खोलीत, आणि स्वयंपाकघरात एकटी आई. पीठ आणि तांदूळ होते. भाजी आठवडाभर नव्हती.

आई माळकरी आहे. चाळीस वर्षं गळ्यात तुळशीची माळ, दर वर्षी पंढरीची वारी. ज्या भांड्यात कधी मांस शिजलं त्या भांड्यातलं ती खात नाही. इथं आल्यापासून बाहेरचं म्हणजे फक्त फळं. पाटीवर ‘व्हेज’ असलं तरी त्याच तव्यावर आधी काय भाजलं, हे ती विचारायची आणि मला उत्तर देता यायचं नाही.

वरच्या मजल्यावरच्या नर्सताईंनी तुम्हाला आमची हकीकत सांगितली, हे मला नंतर कळलं. त्या संध्याकाळी बेल वाजली. दाराशी कागदी पिशवी होती आणि तुम्ही फुटपाथवर दूर उभ्या होतात. तोंडाला मास्क, डोक्याला हिरवा पटका. तिथूनच मोठ्यानं म्हणालात, “हे आयटल आहे. मीठ नाही, दूध नाही. माझ्या भांड्यांना मांस माहीतच नाही.” मी ते दाराआडून आईला मराठीत सांगितलं. आईनं झाकण उघडलं, वास घेतला आणि म्हणाली, “अगं, हा तर माठ!”

खरंच माठ होता. जमैकात कॅलालू म्हणतात तो आपला हिरवा माठच, वाफवून, कांदा, थाईम नावाचा सुगंधी पाला आणि नारळाच्या दुधात परतलेला. त्रिनिदादमध्ये त्याच नावानं अळूच्या पानांचं फतफतं होतं, तेही नारळाच्या दुधातलं. भातात शिजवलेले ‘गुंगो पीज’ म्हणजे तुरीचे दाणे. तुमच्याकडचा ब्रेडफ्रूट म्हणजे आमच्या कोकणातला नीरफणस. इंग्रजांनी तो १७९३ मध्ये ताहितीहून तुमच्या बेटांवर नेला, गुलामांना स्वस्तात खाऊ घालता यावं म्हणून. सॉरेलचं लालभडक सरबत अंबाडीच्या कुळातल्या लाल बोंडांचं. आईला हे एकेक करून पुढचे चार महिने कळत गेलं, आणि प्रत्येक वेळी तिला घरातलं माणूस भेटल्यासारखं व्हायचं.

आंटी, मला मात्र ओळखीच्या भाजीहून तुमची चूल मोठी वाटते. जमैकाहून इथं येऊन मुलं सांभाळणाऱ्या, झाडलोटीची कामं करणाऱ्या बायकांपैकी तुम्ही एक. जमैकात जन्मलेल्या तुमच्या रास्ताफारी पंथाच्या श्रद्धेत अन्न ‘व्हायटल’ असावं, जीव धरणारं. त्यातलं पहिलं अक्षर गळलं आणि ‘आयटल’ झालं. काही रास्ता लहान मासे खातात, तुम्ही तेही नाही. हल्ली नॉस्ट्रंड अव्हेन्यूवर ‘व्हीगन’ शब्दाला किंमत आली आहे, नव्या दुकानांच्या काचांवर तो दिसतो. तुमच्याकडे तो आत्ता आत्ता, गिऱ्हाइकांना समजावं म्हणून लागला. पथ्य त्याच्या कितीतरी आधीचं. आईला तुमच्यावर विश्वास बसला तो पाटीमुळे नाही. हे कुणाच्या तरी व्रताचं अन्न आहे, हे तिला कळलं.

तुम्हीच मला लेनर्ड हॉवेल यांच्याबद्दल सांगितलंत. १९३० च्या दशकात जमैकात रास्ताफारींचा पहिला प्रचार करणाऱ्यांपैकी ते एक, आणि त्यांनी लिखाणासाठी नाव घेतलं ‘गंगुंगुरू मराघ’. मराघ म्हणजे महाराज, असं अभ्यासक सांगतात. १८४५ पासून १९१७ पर्यंत कलकत्ता आणि मद्रासहून करारावर नेलेले हजारो मजूर जमैकाच्या उसाच्या मळ्यांत राबले, त्यांच्या शेजारातून हे शब्द आणि काही चालीरीती आल्या असाव्यात. तो माझ्या घराण्याचा इतिहास नाही. आमची माणसं मुंबईच्या गिरण्यांत गेली, जहाजावर नाही. तरी आईला मी ‘मराघ’ सांगितलं तेव्हा तिनं तुमच्या दुकानाच्या दिशेला हात जोडले.

माझ्यासाठी तुम्ही शेंगदाण्याची लापशी पाठवायचात, नारळाचं दूध आणि जायफळ घातलेली. आईनं आधी ती स्वतः चाखली, मग मला दिली. डिंकाचे लाडू संपल्यावर माझं बाळंतपण त्या लापशीवर निभावलं, असं ती आजही नातेवाइकांना सांगते.

आणि हे आम्हालाच नव्हे. खिडकीतून मला तुमचं दार दिसायचं. सकाळी आठच्या सुमारास रात्रपाळी संपवून नर्सा यायच्या, बऱ्याचशा जमैका, हैती, गयाना, त्रिनिदादच्या. आल्याचा काढा आणि सूप घेऊन सहा-सहा फुटांवर उभ्या राहायच्या. त्यांतल्या एकीचा नवरा गेला त्या आठवड्यात तुम्ही तिला काही विचारलं नाहीत, फक्त रोज तिच्या नावाचा डबा भरून ठेवलात. दाराजवळच्या फळ्यावर खोली भाड्यानं, घरच्यांना पाठवायची सामानाची पिंपं, अंत्यविधीची वेळ, सगळं टाचण्यांनी लावलेलं असायचं. त्या वर्षी अंत्यविधींचे कागद इतके झाले की पिंपांचे कागद तुम्ही काढून टाकलेत. खाली तुमच्या अक्षरात एक ओळ होती: पैसे नसतील तर आत येऊन सांगा. २०१७ मध्ये या भागाला ‘लिटल कॅरिबियन’ असं अधिकृत नाव मिळालं. ते नाव त्या फळ्याला शोभतं.

१ जुलैला आषाढी होती. त्या वर्षी माउलींच्या आणि तुकोबांच्या पादुका एसटीनं पंढरपूरला गेल्या. आई ते फोनवर बघत बसली होती आणि तिच्या डोळ्यांचं पाणी खळत नव्हतं. उपास असतो एवढंच मी तुम्हाला सांगितलं होतं. दुपारी तुम्ही उकडलेली रताळी, कोनफळासारखा पिवळा याम आणि हिरवी केळी पाठवलीत. जमैकात या सगळ्याला ‘हार्ड फूड’ म्हणतात. सोबत निरोप होता, “तिच्या देवासाठी.” मीठ नव्हतंच. आईनं त्याचा विठ्ठलाला नैवेद्य दाखवला. परक्या घरच्या अन्नाचा नैवेद्य तिनं आयुष्यात पहिल्यांदा दाखवला, आंटी. मी दारात उभी राहून बघत होते.

ऑगस्टमध्ये ती परत गेली. आता चिपळूणला तिच्या रक्तदाबाला डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलंय, तर ती म्हणते, मला बिनमिठाचं शिकवणारी बाई ब्रुकलिनला आहे. ती माठ नारळाच्या दुधात करते. थाईम मिळत नाही, म्हणून परसातल्या पानओव्याची दोन पानं चिरून घालते. तुम्हाला हे सांगितलं तर तुम्ही हसाल, कारण तुमच्या बेटांवरही पुष्कळ घरांत थाईम म्हणून हीच पानं वापरतात. घरात त्या भाजीचं नाव ‘फ्लॅटबुशची भाजी’ पडलं आहे.

तिनं एक विचारायला सांगितलंय. स्कॉच बॉनेट मिरची तुम्ही अख्खी घालता आणि न फोडता काढून घेता, तशी तिनं लवंगी घालून पाहिली, पण स्वाद उतरत नाही. मिरची नारळाचं दूध घालायच्या आधी टाकायची की नंतर? शनिवारी सांगा. मी फोन लावून देईन.

तुमची,
दुसऱ्या मजल्यावरची लेक